गौराबाई हलल्या

ज्या साली धाकटी लेक शिवम्मा राणीसावरगावात दिली, त्याच साली सांबप्पा वारले. लग्न माघात झालं, सांबप्पा वैशाखात गेले. सरकारी हिशेबानं ते तेराशे एक्कावन्न फसली, इंग्रजी एकोणीसशे बेचाळीस. परभणीच्या मोंढ्यात उभी हयात गुळाची आडत चालवलेल्या ह्या माणसाचा जिवंतपणी एकही फोटो निघाला नव्हता आणि घरात कुणाला त्याचं नवल वाटत नव्हतं. त्यांच्या लिंगायत घरांतून तसंच चालायचं. माणूस गेला की त्याला आंघोळ घालून, मांडी घालून भिंतीशी बसवायचं. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोक्याला पटका, आणि मान कलू नये म्हणून पटक्यामागून एक पट्टी काढून भिंतीतल्या खुंटीला. भोवती बायकापोरं बसायची आणि फोटो निघायचा. मग बसलेल्यालाच मिरवत नेऊन बसलेल्यालाच माती द्यायची. आयुष्यातला पहिला फोटो असा आयुष्य सरल्यावरचा. जित्या माणसाचा फोटो काढला की त्याचं आयुष्य उतरतं, असं बायका म्हणत. पुरुष त्यावर हसत, पण फोटोला कुणी बसत नसे. सांबप्पांचा फोटो त्यांच्या मुलानं, शिवमूर्तीनं काढला. तो ज्या फोटोवाल्या उस्तादाच्या हाताखाली फोटोच्या काचा धुवायचा, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि दुसरा फोटोवाला शोधायला वेळ नव्हता.

फोटो वाळल्यावर शिवमूर्तीनं तो घरी आणला. त्याची माय, गौराबाई, ओट्यावर वाकळ शिवत बसली होती. तिनं सुई पदरात टोचली, फोटो घेतला आणि उजेडाकडं धरला. "हे बेस आलेत," नवऱ्याबद्दल ती म्हणाली. मग फोटोला न टेकवता त्याच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मी कुठं हाय?" पळी कुठं ठेवली असं विचारावं, तसं विचारलं. सांबप्पांच्या डाव्या अंगाला, जिथं ती बसली होती, तिथं पांढरट धूर होता. धुराच्या तळाशी मांडीचा आकार होता, वर माणूस नव्हतं. पायाशी बसलेल्या इंजन कुत्र्याला दोन डोकी आली होती, एक सांबप्पांकडं पाहणारं आणि एक धुराकडं. "ही तू," शिवमूर्ती म्हणाला, "हललीस." "हलले असंल," ती म्हणाली आणि तिनं सुई पुन्हा हातात घेतली. तेवढंच. पण त्या दिवसापासून शिवमूर्तीच्या डोक्यात काहीतरी कुसळासारखं रुतून बसलं. साऱ्या फोटोत सगळ्यात लख्ख कोण आलं होतं, तर जो मेला होता तो. मिशीचा केस न् केस मोजावा. बाकीचे जितके जिवंत, तितके पुसट. शिवम्माचा नवरा बरा आला होता, पण तो मूळचाच सुस्त. तिच्या नणंदेचं रांगतं पोर तर फोटोत नव्हतंच. ते सगळा वेळ त्याच्या आजीच्या, शिवम्माच्या सासूच्या मांडीवर नाचत होतं आणि कुठंच उमटलं नव्हतं. आणि माय? ती तर दगडासारखी बसणारी बाई. कॅमेऱ्याच्या काचेवरची टोपी काढून ती उघडी ठेवली तेवढ्या चार श्वासांत तिनं असं काय केलं होतं, की ती पार धूर होऊन गेली?

त्यानं आठवून पाहिलं. टोपी हातात घेतली होती, "हलू नका" असं सगळ्यांना बजावलं होतं, आणि डोळे मिटून घेतले होते. त्या मिटल्या डोळ्यांत सांबप्पा गुळाच्या ढेपेवर टिचकी मारून, कान लावून ऐकत होते. ते ढेपेचा आवाज ऐकून पाक कच्चा की पक्का ते सांगायचे. लहानपणी शिवमूर्तीला वाटायचं, ढेपेच्या आत कुणीतरी बसलेलं आहे आणि ते अप्पाला जबाब देतं. लुगडं सळसळल्याचा आवाज त्याला त्या वेळी आला होता खरा. त्याला वाटलं होतं, इंजन असेल.

पुढं उस्तादाचं दिसणं संपलं आणि खेड्यापाड्यांतली बोलावणी शिवमूर्तीकडंच येऊ लागली. बोरी, देवगाव फाटा, कुठं कुठं. कॅमेऱ्याची लाकडी पेटी आणि तिपाई बैलगाडीत घालून तो जायचा, बसवलेल्याचा फोटो घ्यायचा, परत यायचा. लोक त्याला ओळखू लागले आणि टाळूही लागले. एकदा तो बोरीला भुजंगच्या घरी सहज गेला होता. भुजंग त्याचा दोस्त, तिथल्या कुणब्याचा पोरगा, परभणीला जिनिंगात कामाला. शेजारच्या सावकाराचे वडील महिनाभर अंथरुणाला खिळलेले. त्यांनी दारातून शिवमूर्तीला जाताना पाहिलं आणि ताडकन उठून बसले. म्हणाले, मला भाकर द्या. पुढं दोन सुगी जगले. भुजंग ही गोष्ट कुणालाही सांगायचा. "वैद्याला कशाला पैसे देता? आमच्या शिवमूर्त्याला नुसतं दारावरून फिरवा." शिवमूर्ती हसायचा. पण त्याच्या नजरेला खरंच एक वाईट सवय लागली होती. माणूस समोर आला की तो त्याच्या मानेकडं बघायचा. हाडामागची खळगी किती खोल गेली, कान किती सुटले. कुणाला लवकर बसवावं लागणार, ते त्याला आधी दिसायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो, भुजंग आणि बन्सीधर ठेसनापलीकडच्या माळावर जाऊन बसत. बन्सीधर तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवायचा. त्याच्या अंगाला कायम मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनचा वास. तिघांमागं तीन कुत्री. वजीर म्हातारा आणि मानी होता. रंगू कुणाच्याही मागं जायची. इंजन मात्र गाडी आली की रुळाकडेनं जीव खाऊन धावायचा, म्हणून त्याला ते नाव पडलेलं. गाडी निघून गेली की तो थांबायचा, आणि काही विसरल्यासारखा परत यायचा. शिवमूर्ती त्याच्या पायांकडं बघत राहायचा. कुत्रं धावताना चारही पाय एकदम अधांतरी असतात का? असतील तर तेवढा वेळ ते कुठं असतं? "हे कुत्र्याला विचार की," भुजंग म्हणायचा. "आमाला काय ठावं? आमी बैलावालं." एकदा बन्सीधरनं तुटक्या फिल्मचा हातभर तुकडा त्याच्या हातात दिला. शिवमूर्तीनं तो मावळतीकडं धरला. चौकटीखाली चौकट, आणि प्रत्येक चौकटीत तीच बाई, हात वर केलेली, गप्प. पुढच्या चौकटीत हात तसूभर वर. पुढं आणखी. एकही चौकट हलत नव्हती. "म्हंजे हे बी सगळे बसवलेलेच," तो म्हणाला. बन्सीधर म्हणाला, "बसवलेलेच हायेत, पर मशीन त्यायला दम खाऊ देत न्हाई." शिवमूर्तीच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याखालून गुदगुल्याही झाल्या. मेल्यासारख्या थबकलेल्या चित्रांची माळ ओढली की जिवंत माणूस होतो. मग जिवंत माणूस म्हणजे तरी काय? तो स्वतः माळावर बसला होता, त्याचीही कुणी अशी माळ ओढत होतं का?

तेव्हापासून सिनेमा काढायचं वेड लागलं. गोष्टही ठरली. कुत्र्याच्या उंचीवरून दिसणारं परभणी: धोतरं, जोडे, टांग्याची चाकं, हलवायाच्या कढईचं बूड, आणि त्यातून एका चोराचा माग काढत जाणारा इंजन. चोर भुजंग. त्यासाठी तो माळावर पळायची तालीम करायचा आणि इंजन त्याच्या मागं न धावता बसून त्याच्याकडं बघायचा. "चोर वळखीचा हाय म्हनून धावना गेलाय ते," बन्सीधर म्हणायचा. सिनेमाचा कॅमेरा नव्हता, फिल्म नव्हती. पण शिवमूर्ती चालता चालता खाली वाकून कुत्र्याच्या नजरेनं रस्ता बघायचा, आणि मोंढ्यातले लोक म्हणायचे, सांबप्पाचं पोरगं बाप गेल्यापासून बिनसलं.

अधूनमधून तो मायला विचारायचा. "त्या दिशी काय केलं व्हतंस? फोटोच्या वक्ताला?" "काय करनार?" ती म्हणायची. "माशी बसली असंल." माशीनं माणूस एवढं पुसत नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं तो फोटो किती वेळा पाहिला असेल. धूर सरळ उभा नव्हता. खालून निघून तिरपा पुढं आला होता, फोटो बघणाऱ्याच्या अंगावर आल्यासारखा. सकाळी ती पूजा आटोपून ओट्यावर यायची, शिळ्या भाकरीचे तुकडे करायची, कुत्र्यांना नावानिशी हाका मारायची, वजीरला आधी द्यायची कारण तो रुसायचा, आणि शिवमूर्ती दाराआडून बघत राहायचा, की ह्या बाईच्या अंगात असं कोणतं हलणं आहे जे मी पाहिलेलं नाही. असंच बघत असताना एका सकाळी त्याची नजर तिच्या मानेवर गेली. खळगी. गेल्या पावसाळ्यापासून ती खोकत होती, आणि खोकून झालं की पदराचं टोक मुठीत झाकायची. इंजन जवळ येऊन तिची मूठ हुंगत होता. शिवमूर्ती आत येऊन चुलीपुढं बसला आणि बराच वेळ उठला नाही. लवकरच तिला भिंतीशी बसवणार, आणि ती पहिल्यांदा लख्ख दिसणार. तोच तेवढा फोटो राहणार.

मार्गशीर्षात बन्सीधर एक पेटी घेऊन आला. तंबूच्या मालकानं हैद्राबादहून कुणाचा तरी जुना, हातानं दांडा फिरवायचा कॅमेरा आणला होता. आठ दिवसांनी परत द्यायचा. सोबत कच्च्या फिल्मचा एकच लहान डबा. "लढाईपायी दुसरा मिळत न्हाई," बन्सीधर म्हणाला. "अन् एक ध्येनात ठेव. दांडा सुरू केला की थांबायचं न्हाई. थांबलास की फिल्म अडकती अन् आतच फाटती." भुजंगनं परटाकडून कुणाचा तरी कोटही मागून आणला होता. चोर कोटात चांगला दिसेल, असं त्याचं मत. शिवमूर्ती म्हणाला, "चोराचं ऱ्हाऊ दे. मायला घ्यायचंय." भुजंगनं एकदा कोटाकडं पाहिलं, एकदा बन्सीधरकडं. "लढाई सुटस्तोर माझे केस जातेल," तो म्हणाला. मग कोट अंगात चढवत म्हणाला, "घे. कोट काढत न्हाई पर. दिसलो तर दिसलो."

मायला सांगणं अवघड होतं. "तुजं चित्र काढायचंय," तो म्हणाला.

"बसवून?"

"न्हाई. चालतीफिरती."

"जित्तेपनी काढल्यावर काय व्हतंय, ठावं हाय का तुला?"

"हाय ठावं."

ती पीठ मळत होती. मळणं थांबलं नाही. "तुज्या डोळ्याला दिसतंय म्हन्तेत लोकं. मानूस जायला लागलं की." तिनं परातीच्या कडेचं पीठ बोटानं खरवडलं, गोळ्यात दाबलं. "कवा काढायचं?" तिनं विचारलं.

सकाळी त्यानं अंगणात तिपाई लावली. मायला सांगितलं होतं, रोज करतीस तेच कर, कुत्र्यांना भाकर घाल, बस. ती बाहेर आली ती धुवट लुगडं नेसून, कपाळभर विभूती लावून. ओट्यावर, सांबप्पांना जिथं बसवलं होतं बरोबर तिथं, भिंतीला पाठ लावून तिनं मांडी घातली. हात मांडीवर. नजर समोर. भुजंग कोट घालून तिच्या उजव्या अंगाला तसाच मांडी घालून बसला, बन्सीधर डाव्या अंगाला. फोटो म्हटला की असंच बसायचं असतं, हे सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. खुद्द बन्सीधर, रोज पडद्यावर माणसं नाचवणारा, तोही श्वास कोंडून बसला. शिवमूर्तीनं दांडा फिरवायला सुरुवात केली. कर्र कर्र आवाजानं तिन्ही कुत्र्यांनी कान टवकारले. रंगूनं जांभई दिली. वजीर उठून दुसरीकडं जाऊन बसला. इंजन आवाज कुठून येतो ते शोधत पेटीभोवती फिरून गेला. ओट्यावर मात्र तीन पुतळे. "हला की," शिवमूर्ती म्हणाला. कुणी हललं नाही. त्याला आधी हसू आलं. "भुजंग्या, हल. माय, ह्या चित्रात हलायचं असतंय." ओठ न हलवता ती म्हणाली, "त्या बारीला हलले, अन् तुजं काम नासलं."

दांडा थांबवता येत नव्हता. फिल्म सरत होती. आणि त्याच्या समोर नेमकं तेच येऊन बसलं होतं, ज्याच्या आधी काहीतरी मिळावं म्हणून त्यानं हे सगळं मांडलं होतं: भिंत, मांडी, विभूती, समोर लागलेले डोळे. खुंटीला पट्टी तेवढी नव्हती. तो दांडा फिरवत राहिला. अप्पाची ढेप त्याला ऐकू आली, टिचकी आणि मग ती शांतता, ज्यात अप्पा जबाबाची वाट बघायचे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एक हात दांड्यावर, एक पेटीवर, पुसायला हात नव्हता. पाण्यातून ओटा वाकडा झाला, डगमगला. आणि त्या डगमगीत त्याला दिसलं की माय उठली आहे. माय उठली तशी भाकरीच्या आशेनं तिन्ही कुत्री उठली. ती ओट्यावरून उतरली, सरळ त्याच्याकडं चालत आली, पेटीच्या काचेला जवळजवळ लागली आणि हात लांब करून तिनं त्याचा गाल पुसला. तळहात सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेला. ज्वारीच्या पिठाचा आणि राखेचा वास. "त्या दिशी बी असाच," ती म्हणाली. "हातात टोपी धरून रडायलतास, अन् सगळ्याला म्हन्तूस हलू नका. उठले व्हते मी. दोन पावलं आले. मंग वाटलं, ह्याचं काम खराब व्हईल. गेले माघारी." पेटीत फट्फट् आवाज झाला आणि दांडा हलका लागायला लागला. फिल्म संपली होती. तरी तो फिरवत होता.

फिल्म मुंबईला धुवायला गेली ती फाल्गुनात परत आली. खेळाच्या आधी, दिवेलागणीच्या सुमारास, बन्सीधरनं तंबूचे पडदे पाडले. बायकांच्या बाजूला माय एकटी बसली, पुरुषांच्या बाजूला शिवमूर्ती आणि भुजंग. मधली कनात कुणी काढली नाही. इंजन कनातीखालून शिरला. पडद्यावर तिघं बसलेले दिसले. "बेस दिसायलो मी," भुजंग म्हणाला. "कोट बेस दिसायलाय," मागून बन्सीधर म्हणाला. रंगूनं जांभई दिली, वजीर उठून गेला, आणि माय तशीच बसून राहिली, इतकी की फोटोच चिकटवलाय असं वाटावं. मग ती उठली. चालत आली. मोठी होत गेली. चेहरा पडद्याएवढा झाला आणि जवळ येता येता विरघळून त्याचा धूर झाला. शेवटी फक्त तळहात, तोही पडद्याच्या कडेतून बाहेर गेला, आणि पडदा पांढरा पडला. इंजन उठून पडद्याच्या मागं बघून आला. तिथं कुणी नव्हतं. मग तो अंधारातून मायच्या पायाशी जाऊन बसला.

"हाय की मी," ती म्हणाली.

"धुरकट आलीस ह्या बारीला बी," शिवमूर्ती म्हणाला.

"येऊ दे." तिला खोकला आला, तो तिनं जिरवला. "पर तू न्हाईस त्यात. हात कुनाच्या तोंडावरून फिरवायले, ते बगनाऱ्याला कसं कळावं? म्हतारी वाऱ्याला पुसायली म्हन्तेल."

"मी काढायलतो ना."

"तेच म्हन्ते मी," ती म्हणाली, आणि इंजनच्या पाठीवर हात ठेवून उठली.

तिला बसवलं तेव्हा फोटो शिवमूर्तीनंच काढला. शिवम्मा आली होती, राणीसावरगावची माणसं आली होती, भुजंग आणि बन्सीधर पेटीच्या मागं उभे होते. त्यानं तिपाई नीट लावली, काच सरकवली, सगळ्यांना एकवार पाहिलं. हलू नका, असं तो ह्या वेळी म्हणाला नाही. त्यानं टोपी काढली, ती बन्सीधरच्या हातात दिली, आणि पेटीच्या पुढं येऊन ओट्याकडं चालत गेला. वाकून तिच्या कपाळावरची सांडलेली विभूती बोटानं सारखी केली आणि मग येऊन टोपी लावली. तो फोटो अजून शिवम्माच्या सासरी भिंतीवर आहे. माय त्यात लख्ख आली आहे, मानेची खळगीसुद्धा. तिच्यापुढं एक धूर उभा आहे, जरा वाकलेला. तो धूर कोण, असं कुणी विचारलं की भुजंग सांगायचा, "फोटोवाला हाय तो. हलला."

गौराबाई तेराशे चौपन्न फसलीत, माघ वद्य पंचमीला, सकाळच्या प्रहरी वारल्या. इंजन त्याच साली पावसाळ्यात मेला.